केतनचं जपानी

नाहूरच्या फ्लॅटमध्ये एकटाच राहणाऱ्या निहारने रविवारी लहानपणचा कन्सोलवरचा गेम पुन्हा लावला, या वेळी इंग्रजीत. तेव्हाची चोरटी सीडी जपानी होती आणि थोरला भाऊ केतन पडद्यावरचं खडाखडा मराठीत वाचून दाखवायचा. गेममधल्या गावाच्या वेशीवरचा म्हातारा म्हणे, "पोरांनो, जोडीनेच जा रे. एकटे गेलात तर वाट लागली समजा." म्हणून केतन घरी नसला की निहार गेमला हात लावायचा नाही.

आज तोच म्हातारा एवढंच म्हणाला, "पुढे दुकान आहे."

लबाड लेकाचा केतन, त्याला कुठलं आलंय जपानी. निहारने कॅनडाला फोन लावला. केतनने उचलला नाही.

निहारने गेमची भाषा पुन्हा जपानी केली. म्हातारा बोलू लागला. वाचून दाखवायला कोणी नव्हतं.