आत्याने जुळवलेले रंग

मला रंगांतला फरक कळत नाही. हे फक्त आत्याला माहीत होतं. ऑफिसात मी ताकास तूर लागू दिली नव्हती. आणि तिथे मला काम काय मिळालं? रंगांचं!

आमची कंपनी ग्राफिक्स कार्डं बनवते आणि ती चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहितो. एका वृद्धाश्रमाने खोल्यांतल्या कॉम्प्युटरसाठी साठ कार्डं घेतली, पण पडदा म्हणून वापरायचे जुने डबा टीव्ही बदलायला साफ नकार दिला. या टीव्हींना रंग पाठवायच्या तीन पद्धती आहेत: पाल, एनटीएससी आणि सेकाम. तिघींचं आपसात अजिबात पटत नाही. चुकीची पाठवली तर टीव्ही रुसून काळंपांढरं चित्र दाखवतो.

"तिन्ही बसवा," ऑफिसातल्या माझ्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या. "आणि रंग स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा."

खरं सांगावं तर काम जाणार, आणि मला दुसरं काही येतही नाही, आवडतही नाही. मी कॉम्प्युटर उचलून घरी नेला आणि आत्याच्या डबा टीव्हीला जोडला.

"आत्या, बातम्यांमधली बाई कशी दिसतेय?"

"कावीळ झालीय तिला."

मी निळा वाढवला. "आता?"

"अजून अंथरुणातच आहे."

आणखी वाढवला. "आणि मागचा पडदा?"

"अबोली आहे की गुलाबी, तूच बघ ना."

"आत्या, मी?"

"अरे हो, विसरलेच. अबोली."

तीन रविवार असे गेले. वृद्धाश्रमातून पत्र आलं: चित्र झकास. मॅडमनी सगळ्यांसमोर माझ्या नजरेचं कौतुक केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्याच महिन्यात आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, तिने अजून माझ्या कॉम्प्युटरलाच जोडलेला टीव्ही लावला आणि ती किंचाळलीच.

"अरे, ही बाई बुडून मेलीय का? निळीशार पडलीय!" मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि तुझा हा शर्ट पांढरा आहे? मी इतकी वर्षं पिवळा समजत होते."

मी मटकन खाली बसलो. मोतीबिंदूतून आत्याला सगळं पिवळट दिसायचं, आणि साठ टीव्ही मी तिच्या सांगण्यावरून निळे करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्या रंग मोजायचं यंत्र माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "आधी दुरुस्त करा. तुमचं काय करायचं ते नंतर बघू."

मी यंत्राने मोजून रंग नीट केले आणि नवा ड्रायव्हर पाठवला. दोन दिवसांत वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाचा फोन आला. मॅडमनी तो स्पीकरवर टाकला.

"अहो, काय करून ठेवलंत? सगळ्या आजी-आजोबांनी डोकं उठवलंय माझं! चित्र पिवळं पडलं म्हणतात. जुने रंग परत द्या!"

मॅडमनी हळूच विचारलं, "तिकडे मोतीबिंदू किती जणांना आहे हो?"

"विचारा, किती जणांना नाही!"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. "जुन्या रंगांचे आकडे जपून ठेवलेत ना?" डोळे पुसत त्यांनी विचारलं. "मग बसा तुमच्या जागेवर आणि कामाला लागा." मी खरंच रडलो.

आता ड्रायव्हरमधल्या रंगपद्धतींच्या यादीत चार नावं दिसतात: पाल, एनटीएससी, सेकाम आणि त्यांच्याखाली आत्या. मी मोठ्या अभिमानाने घरी दाखवलं. आत्याने नव्या डोळ्यांनी यादी नीट वाचली.

"त्या तिघींच्या खाली का रे?" ती म्हणाली. "वर घाल मला."