बिनमिठाचं वरण

सलग बाराव्या दिवशी नरहर वैरागडे ताट पुढे सारून म्हणाले, "चांगलं झालंय," आणि सुनंदाबाई धसकल्या.

ज्या बाईला नवऱ्याच्या तोंडून सव्वीस वर्षांत हे शब्द ऐकायला मिळाले नव्हते, तिनं खरं तर पेढेच वाटायला हवे होते. पण नरहरपंत कारखान्याच्या तपासणी खात्यात होते. मोठमोठ्या यंत्रांचे भाग त्यांच्या हाताखालून जायचे, आणि ज्यात केसाएवढी खोट निघे त्यावर ते लाल खडूनं फुली मारायचे. खडू कारखान्यात राही. फुली मात्र रोज संध्याकाळी त्यांच्याच स्कूटरवर बसून पिपलानी वसाहतीतल्या क्वार्टरात घरी येई. पोळीची कड जाड. वरणात हिंग उशिरा पडला. भाजीतला एक बटाटा एवढा, दुसरा तेवढा. लग्नानंतर सुनंदाबाई आधी रडल्या, मग भांडल्या, आणि शेवटी त्यांनी देवाला साकडं घातलं, की या माणसाला एकदा तरी निमूट जेवू दे.

देवानं ऐकलं. पण कसं, तर टायफॉइड देऊन.

आता ताप उतरला होता. डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरांनी शेवटचा रिपोर्ट बघून सांगितलं होतं, "दवा का काम हो गया. अब खिलाइए, धीरे-धीरे सब कुछ." तेव्हापासून सुनंदाबाई खिलवतच होत्या. सकाळी भाताची पेज, वर जिऱ्याची पूड आणि तूप. मग धण्या-जिऱ्याचं पाणी. जेवणाआधी जिभेला जाग यावी म्हणून आल्याचा कीस, लिंबू आणि सैंधव. दुपारी मुगाचं कढण, चारला डाळिंबाचे दाणे. मागच्या अंगणातला गवती चहा खुडून खुडून बोडका झाला होता. शेजारच्या तिवारीभाभी एक दिवसाआड पातळ खिचडी पाठवायच्या. नरहरपंत प्रत्येकातले चार घास खात, "चांगलं झालंय" म्हणत, आणि भिंतीकडे तोंड करून निजत.

सुनंदाबाईंच्या सासऱ्यांनी असंच केलं होतं. चहाची बशी ओली राहिली म्हणून जन्मभर घर डोक्यावर घेणारे सासरे जायच्या आधी महिनाभर एकाएकी गोड झाले होते. काही नको गं पोरी, सगळं छान आहे. तो सूर सुनंदाबाईंच्या कानात अजून होता, आणि आता तो दुसऱ्या खाटेवरून येत होता.

"तोंडाला चव नसेल गं बाबांच्या," त्याच शहरात, शिवाजी नगरला दिलेली लेक, वंदना, म्हणाली. ती दर दोन दिवसांनी सिटी बसनं येऊन जायची.

"चव नसती तर तेच म्हणाले असते, की चव नाही म्हणून. तुझे बाबा न बोलता राहणारे आहेत का?"

"अगं, अशक्तपणा असतो."

"अशक्तपणात ते जास्त बोलतात. तुझ्या लग्नाच्या आधी कावीळ झाली होती तेव्हा आठव. उसाच्या रसात बर्फ घातलाय म्हणून त्या रसवाल्याचं काय केलं होतं!"

वंदनाला हसू आलं, पण आईचा चेहरा बघून तिनं ते आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी (दिवस कितवा, तो आकडा सुनंदाबाईंनी मनातही येऊ दिला नाही) त्यांनी एक खोडसाळ काम केलं. वरण केलं, तूप घातलं, लिंबू पिळलं, आणि मीठ घातलंच नाही. मऊ भातावर ते वाढून त्या दाराशी उभ्या राहिल्या. आता ओरडतील. ओरडायलाच हवं. बिनमिठाचं वरण तर तान्ह्या पोरालाही कळतं.

नरहरपंतांनी पहिला घास घेतला. क्षणभर थांबले. दुसरा घेतला. चौथ्यानंतर ताट सारलं.

"चांगलं झालंय."

सुनंदाबाई मोरीत गेल्या, नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजात मनसोक्त रडून घेतलं.

रविवारी वंदना आली ती हट्ट धरूनच. "आई, आज पातोडीचा रस्सा कर. माझ्यासाठी कर. पेजेचा वास नाकात बसलाय अगदी. आणि तू आरशात बघितलंस का? कशी वाळून गेलीयस."

"आजाऱ्याच्या घरात खमंग वास नकोत गं."

"डॉक्टर सगळं म्हणालेत ना? बाबांनी नाही खाल्लं तर आपण दोघी खाऊ."

मग तीन आठवड्यांनी त्या स्वयंपाकघरात काहीतरी खरपूस शिजायला लागलं. सुनंदाबाईंनी बेसन घट्ट घोटून ताटात थापलं, वंदनानं त्याच्या पातोड्या कापल्या. कांदा भाजला. सुकं खोबरं कढईत पडलं, आणि तेवढ्यात फाटकाशी हाक आली.

"सुनंदाजी! लीजिए, आज हींग-जीरे का छौंक लगाया है. पेट हल्का रहेगा भाईसाहब का." तिवारीभाभींच्या हातात झाकलेला डबा होता. "कैसे हैं?"

"क्या बताऊँ भाभी. जो दो, अच्छा है. जो बोलो, ठीक है."

"हाय राम," भाभी म्हणाल्या. त्यांनीही पंचवीस वर्षं भिंतीपलीकडून हा माणूस ऐकला होता. "ये तो ठीक नहीं है."

"सुनंदा!"

दोघी दचकल्या. आवाज घोगरा होता, पण होता चांगला खणखणीत.

"सुनंदा! खोबरं करपतंय! घरात माणसं आहेत की नाहीत?"

"अरे, भाईसाहब चिल्ला क्यों रहे हैं?"

"चिल्ला रहे हैं ना?" सुनंदाबाईंनी भाभींचा दंड घट्ट धरला. "आपने भी सुना ना?"

डबा घेऊन त्या आत धावल्या. नरहरपंत स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभे होते. बनियन अंगावर लोंबत होता. गॅस त्यांनीच बंद केला होता. मागच्या अंगणातून ओला टॉवेल घेऊनच धावत आलेली वंदना तोंड उघडं टाकून बघत होती.

"लक्ष कुठं असतं तुझं? एका बाजूनं कोळसा झालाय. हे वाटलंस की रस्सा कडू. टाकून दे. दुसरं घे, आणि बारीक आचेवर."

"हो," सुनंदाबाई म्हणाल्या. एवढं गोड 'हो' त्या घरानं पूर्वी ऐकलं नव्हतं.

"आणि ह्या पातोड्या कुणी कापल्या? ही दोन बोटं, ही दीड."

"मी कापल्या," वंदना म्हणाली. "पोटात गेल्यावर कोण मोजतंय, बाबा?"

"तोंडात जाताना मी मोजतोय."

त्यांना खुर्ची दिली. खोबरं दुसऱ्यांदा त्यांच्या देखरेखीखाली भाजलं गेलं. सुनंदाबाईंनी मऊ भात कालवून, त्यांच्यापुरता वेगळा काढलेला कमी तिखटाचा रस्सा वर घातला आणि दोन पातोड्या ठेवल्या. दोन्ही दोन बोटांच्याच, निवडून. नरहरपंतांनी ताट पुसून खाल्लं आणि आणखी भात मागितला.

"तसं बरं आहे," ते म्हणाले, "पण त्या दिवशीच्या वरणात मीठच नव्हतं."

सुनंदाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. "कळलं होतं तुम्हाला?"

"न कळायला काय झालं?"

"मग बोलला का नाहीत?"

नरहरपंतांनी रिकाम्या ताटाची कड बोटानं पुसली. "दिवसभर धावत होतीस. तोंड एवढंसं झालं होतं तुझं. मीठ विसरण्याइतकी थकलीयस, त्यात आणखी नावं कुठं ठेवायची म्हटलं. आजारी माणसानं शहाण्यासारखं वागावं." मग जरा चिडून, "पण खोबरं डोळ्यांदेखत जळायला लागल्यावर माणसानं किती सोसायचं?"

"तुमचा शहाणपणा," सुनंदाबाई म्हणाल्या. पदरानं तोंड पुसून त्यांनी भात वाढला. "यापुढे मला चांगलं म्हणायचं नाही. सांगून ठेवते."

"बरं."

"तोंडाला कुलूप लावलंत तर आल्याचा कीस खायला घालीन, दिवसातून चारदा."

त्यांनी भाभींचा डबा उघडून चमचाभर खिचडी ताटात वाढली. नरहरपंतांनी ती चाखली, डोळे बारीक केले.

"हिंग जास्त झालाय."

सुनंदाबाई उठल्याच. खरकट्या हातानं, पदर खोचलेला, तशाच मागच्या अंगणात गेल्या आणि बोडक्या गवती चहाशेजारी टाचा उंचावून भिंतीवरून ओरडल्या,

"भाभी! अजी भाभी! भाईसाहब कह रहे हैं हींग ज़्यादा पड़ गई!"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "सच?" तिवारीभाभींचा चेहरा भिंतीवर उगवला, ओले हात जोडलेले. "खुद बोले? चलो, भगवान ने सुन ली!"