दैवशालाचा दिवा

मच्छिंद्रने नखाने सिमचा कप्पा आत ढकलला आणि फोन सुरू होईपर्यंत तो शिलाई मशीनवर ठेवला. सिम दैवशालाचं होतं. ती गेल्यापासून अकरा महिने ते तिच्या बटणांच्या डबीत पडून होतं. त्याचं रिचार्ज कल्याण पुण्याहून न चुकता करत होता. कशासाठी, ते बापाने विचारलं नव्हतं आणि लेकाने सांगितलं नव्हतं.

फोन सुरू झाला. कल्याणने सकाळी सांगितलं होतं तसं त्याने ‘उंबरा’ हे ॲप उघडलं, तिचा नंबर टाकला, आलेला आकडा टाकला. पडदा पांढरा झाला आणि त्यावर अक्षरं आली. राम राम, दैवशाला.

खाली एकही जाहिरात नव्हती. ‘केदारखेड्याच्या बायकांचं घर’ अशी एक ओळ होती. त्याखाली दैवशालाचं नाव आणि नावाशेजारी एक छोटा पेटलेला दिवा. मग तारखेप्रमाणे लावलेली तिची बोलणी. ती लिहीत नसे, बोलून पाठवत असे. कोणतं किती जणींना आवडलं याचा आकडा कुठे नव्हता. शेवटचं बोलणं ती दवाखान्यात भरती झाली त्याच्या पाच दिवस आधीचं होतं. त्याखाली लिहिलं होतं, इथपर्यंत.

त्याने अंगठा त्या शेवटच्या बोलण्यावर नेला.

अंगणाचं फाटक धाडकन उघडलं. शेजारच्या पुष्पाबाई आल्या होत्या. दोन्ही हात मिरचीने लाल, म्हणून फोन काखेत धरलेला.

“भाऊजी, दैवशालाच्या खात्यात तुमी गेलते का?”

“आत्ताच गेलो. का बरं?”

“का म्हनं! तिचा दिवा लागला ना. आमी सात जणी मिरच्या खुडून राह्यलो, अन् समद्यांच्या फोनात एकदमच आलं, दैवशाला घरात आल्या. शालू तर किंचाळलीच. कौसल्यानं भरलं टोपलं उपडं केलं. अकरा महिन्यांनी बाई परत आल्यावर दुसरं काय होईल?”

मच्छिंद्रने अंगठा मागे घेतला.

“असा दिवा लागतो हे मला न्हाई ठाऊक.”

“काही ऐकलं का?”

“अजून न्हाई.”

“मंग ऐकू नका.”

त्याने वर पाहिलं. पुष्पाबाई दारातच उभ्या होत्या, आत येत नव्हत्या.

“बायको माही होती, वहिनी.”

“बायको तुमची होती. बोलणं आमचं होतं.”

हे त्या भांडायला आल्यासारखं बोलल्या नाहीत. विहिरीचं पाणी कोणाच्या वाट्याचं, हे सांगावं तसं सांगितलं.

पाच वर्षांपूर्वी या बायकांचा फोनवर साधा फुकटचा गट होता. कौसल्याचं पिशवीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने गटात रडत सगळं सांगितलं. सांज व्हायच्या आत ते रडणं आष्टीला तिच्या दिराच्या फोनवर पोचलं होतं. कोणी पाठवलं ते कधी कळलं नाही. त्याच आठवड्यात कौसल्याच्या फोनवर दवाखान्यांच्या आणि कंबरदुखीच्या तेलांच्या जाहिराती सुरू झाल्या. तिचा नवरा तोच फोन वापरायचा. पुढे चार महिने बायका गटात फक्त सणाच्या शुभेच्छा टाकत होत्या.

मग दैवशालाने कल्याणला विचारून ‘उंबरा’ शोधलं. त्याला वर्षाची वर्गणी होती. बायका म्हणाल्या, फुकटचं सोडून विकतचं कशाला? दैवशाला तेव्हा पुष्पाबाईंच्या पोलक्याची बाही कापत होती. ती म्हणाली, “फुकटात देतो तो आपल्याकडून दुसरं काहीतरी नेतो. हा पैसे घेतो अन् गप बसतो.” उंबऱ्यात एकीचं बोलणं दुसरीकडे पाठवायची सोयच नव्हती. अनोळखी माणूस आत डोकावू शकत नव्हता. सगळं ऐकून झालं की ‘इथपर्यंत’ यायचं आणि फोन खाली ठेवावा लागायचा. बायका दुपारी मशीनभोवती जमायच्या, ज्यांना येता येत नसे त्या फोनमधून यायच्या. मच्छिंद्र शेतातून आला की दैवशाला फोन पालथा घालायची. त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही. तेव्हा ती समोर होती.

“तिच्या खात्याची वर्गणी सोमवारी संपू राह्यली,” तो म्हणाला. “भरली न्हाई तर महिनाभरात सगळं पुसून टाकतात. कल्याणला तसा निरोप आला. ती भरायलाच गेल्तो.”

“मंग भरा अन् या बाहेर.”

“भरतो. पण वहिनी...” त्याने फोन मशीनवर पालथा ठेवला. “कल्याणच्या फोनात तिचे दोन व्हिडिओ हायेत. एकात पदर तोंडावर घेतलाय. दुसऱ्यात नुसती हात हलवून नको नको करती. बोलत न्हाई. ती काय काय म्हनायची ते समदं ध्यानात हाय माह्या. पण आवाज जाऊ राह्यला. आठवायला गेलं की माह्याच आवाजात येतं.”

पुष्पाबाईंनी काखेतला फोन दुसऱ्या काखेत घेतला.

“विचारते घरात समद्या जणींना,” त्या म्हणाल्या. “एकीनं न्हाई म्हनलं तरी न्हाई. नियम दैवशालाचाच हाय, माझा न्हाई.”

“बराबर हाय.”

“अन् तवर दिवा लावू नका. कौसल्याला बीपी हाय, शुगर बी.”

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र सकाळीच शेतात गेला. गव्हाच्या रिकाम्या रानात त्याला विशेष काम नव्हतं, तरी त्याने बांधावरच्या दोन बाभळी छाटल्या आणि काट्या एका जागी रचल्या. फोन घरी मशीनवर होता. आपण नसताना तो वाजला तर, असं एकदा मनात आलं. पण तो वाजला तरी तिचा थोडाच असणार, म्हणून त्याने पुन्हा कोयता उचलला.

परतताना रस्त्यावर वसंता भेटला, शालूचा सासरा. दोघं एका वर्गातले, भोकरदनच्या बाजाराला जाणं अजून बरोबरच. वसंताने गाडी थांबवली.

“काय रे, आमची सून काल रडून राह्यली. कशानं म्हनलं तर मिरची म्हनती. तुह्या घरी काय झालं का?”

“मिरचीच असंल,” मच्छिंद्र म्हणाला.

वसंता गेला. मच्छिंद्र कोयता खांद्यावर घेऊन तिथेच उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी शालू महिनाभर रोज मशीनपाशी येऊन बसायची आणि तो आला की डोळे पुसून उठायची, हे त्याला आता आठवलं. त्याने दैवशालाला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, “बाही घट्ट होती, उसवायला आली होती.” महिनाभर एक बाही.

दैवशालाच्या त्या दिवसांतल्या बोलण्यांत काय असेल, याचा त्याला अंदाज आला. ते ऐकून वसंताच्या गाडीवर मागे बसायचं कसं, याचा आला नाही.

घरी येऊन त्याने हातपाय धुतले. कल्याणला फोन लावला आणि वर्गणी तिकडूनच भरायला लावली. एक नाही, पाच वर्षांची. कल्याण म्हणाला, “बाबा, ऐकलं का काही?” तो म्हणाला, “न्हाई. ठेव आता.” मग त्याने फोनमधून सिम काढलं, बटणांच्या डबीत घातलं आणि डबी घेऊन पुष्पाबाईंच्या अंगणात गेला.

लिंबाखाली पोत्यांवर लाल मिरच्यांचा ढीग होता. सात जणी गोल बसून देठं खुडत होत्या. त्याला पाहून बोलणं थांबलं. पुष्पाबाई उठू लागल्या.

“भाऊजी, अजून एकीचं...”

“राहू द्या.” त्याने डबी त्यांच्यासमोर ठेवली. “तिचं सिम हाय. तुमच्यापाशी ठेवा. वर्गणी भरली, पाच वर्षं काळजी न्हाई. पुढचं कल्याण पाहील. म्या काही ऐकलं न्हाई अन् ऐकत बी न्हाई. सगळ्या बिनधास्त ऱ्हा.”

बोलताना तो कोणा एकीकडे पाहत नव्हता. शालू खाली पाहत होती. तिच्या हातातल्या मिरचीचं देठ निघालं होतं, तरी ती ते ओढतच होती.

तो वळला.

“मामा,” शालू म्हणाली. “बसा.”

“अगं, कामं हायेत.”

“कोनती कामं?” कौसल्या म्हणाली. “बाभळी तर झाल्या छाटून. गावानं पाह्यलं.”

दोघी-तिघी हसल्या. तो पोत्याच्या कडेला टेकला. शालूने पदराला हात पुसले, पण बोट फोनला लावलं नाही. कोपराने फोन जवळ ओढला आणि कांडीसारखं एक देठ घेऊन पडद्यावर टोचून पाहिलं. देठाने काही चालेना, तेव्हा पुष्पाबाईंच्या नातीला हाक मारली. ती ओसरीवरून उठून आली आणि शालूने सांगितलं ते बोलणं शोधून तिने त्यावर बोट ठेवलं.

आधी मशीनचा आवाज आला. मग दैवशाला बोलली.

“हां शालू, ऐक. बाहीला कापड कमी पडलं तर घाबरून जाऊ नको. मुंढा आधी मोज. खालून जोड द्यायचा, वरून न्हाई. वरून दिला की समद्यांना दिसतो. काखेत दिला की कोनाला कळत न्हाई, अन् तुला हात बी वर करता येतो. अन् जल्दी करू नको. कात्री चालवायच्या आधी दोनदा...”

मशीन थांबलं. लांब कुठे फाटक वाजलं, कोणीतरी खाकरलं. ते खाकरणं मच्छिंद्रचं होतं.

दैवशालाचा आवाज खाली आला, घाईचा झाला आणि त्यात हसू होतं.

“ठेवते गं. मच्छिंद्र आला. चहा टाकते.”

मग काही नाही.

एकोणतीस वर्षांत तिने त्याला ‘अहो’ म्हटलं होतं, ‘ऐकलं का’ म्हटलं होतं, ‘कल्याणचे बाबा’ म्हटलं होतं. लग्नात करवल्यांनी दार अडवलं तेव्हा एकदा नाव घेतलं, तेही पाठ केलेलं आणि कोणाला ऐकू न जाणारं.

बायकांचे हात थांबले होते. एकीनेही त्याच्याकडे पाहिलं नाही. पुष्पाबाईंनी समोरच्या मिरच्या उगाच इकडच्या तिकडे केल्या.

“अजून एकदा लावू का, मामा?” शालूने विचारलं.

त्याने मान हलवली. नको म्हणून. गुडघ्यावर हात टेकून तो उठला, धोतर झटकलं.

“किती जणी हाय तुमी? सात ना?”

“सात. का बरं?”

“कौसल्याला बिनसाखरेचा,” तो म्हणाला आणि चहा टाकायला आपल्या घराकडे निघाला.