कंगवा, चावी, घड्याळ

धंतोलीतल्या दवाखान्यात नंबर लागला, तेव्हा कुसुमावतीनं नवऱ्याची टोपी सरळ केली. "घाबरू नका जी. इचारते ते फक्त, सुई नाई मारत."

ईश्वरदास पौनीकर सरांना सुईची भीती नव्हतीच. सारी उमर त्यांनी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं होतं. पण गेल्या सत्रात सोमवारचं व्याख्यान त्यांनी मंगळवारी पुन्हा दिलं, त्याच उदाहरणांसकट. मुलांनी आदरापोटी निमूट ऐकून घेतलं. प्राचार्यांनी मात्र जवळ बसवून सांगितलं, "डॉक्टरांचं पत्र आणा, म्हणजे जुलैपासून निर्धास्त शिकवा." शिकवणं गेलं तर आपल्यात काय उरतं, हे सरांना ठाऊक नव्हतं.

डॉक्टर चिंचमलातपुरे तरुण होते, आवाज मात्र वडीलधाऱ्यासारखा. त्यांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले : कंगवा, चावी, घड्याळ. मग इकडचं तिकडचं विचारता विचारता म्हणाले, "मनाबद्दल काय शिकवता हो तुम्ही?"

सर खुलले. ज्याचं मन त्यालाच आतून दिसतं, दुसऱ्याला बाहेरून नुसत्या खुणा दिसतात, हे त्यांनी इतकं नीट उलगडून सांगितलं की डॉक्टर लिहायचे थांबले.

"वा! आता ते तीन शब्द सांगा."

पुसलेल्या फळ्यावरही खडूची धूळ राहते. सरांच्या डोक्यात तेवढीही नव्हती.

डॉक्टरांच्या पाठीमागे कुसुमावती बसली होती. तिनं हळूच केसांतून बोटं फिरवली.

"कंगवा," सर म्हणाले.

तिनं कमरेला हात लावला. "चावी." तिनं भिंतीकडे मान वर केली. "घड्याळ."

पूर्वी घरी सरांचे वडील हातमागावर विणत बसलेले असत आणि त्यांच्यासमोर सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही, अशी घरची रीत होती. पाणी तापलं, मीठ संपलं, पोराचं अंग गरम आहे, सगळं ती असंच सांगायची. ती भाषा सर विसरले नव्हते.

"उत्तम!" डॉक्टरांनी पेन उचललं. "वयाचं थोडंफार चालायचंच. पत्र देतो."

परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावणाऱ्या मुलाचा चेहरा कसा होतो, ते सरांनी पुष्कळदा पाहिलं होतं. आपला आत्ता तसाच झाला असणार, असं त्यांना वाटलं.

"डॉक्टरसाहेब, ती उत्तरं माझी नव्हती. हिनं खुणावली."

"काई बी बोलते!" कुसुमावती उसळली. "मी तं डोकं खाजवून राहिली होती."

डॉक्टर हसले. मग त्यांनी तिला बाहेर बसायची विनंती केली आणि दुसरे तीन शब्द दिले. सरांना त्यातला एकही परत सांगता आला नाही. पत्र मिळालं, पण त्यात यंदा वर्ग घेऊ नयेत असं लिहिलं होतं.

रिक्षा बरीच पुढं गेल्यावर कुसुमावती बोलली. "काहून सांगतलं? पत्र हातात येऊन राहिलं होतं."

"ते शब्द माह्याजवळ नव्हते, कुसुम."

"मंग कोनाजवळ होते? मी तोंड बी उघडलं नाई. दुसऱ्या कोनाले दिसला असता काय कंगवा? तुमालेच दिसला नं?"

सर विचारात पडले. ज्या डोक्यात शब्द टिकले नाहीत, त्याच डोक्यानं तिच्या बोटांतला कंगवा ओळखला होता. मग ते ओळखणं आपलं की तिचं? जन्मभर शिकवलं ते चुकलं होतं का? की डोकं बिघडलं म्हणून आता तसं वाटतंय? आणि हे ठरवायला हाताशी डोकं तेवढं तेच. त्यांना हसू आलं आणि मागोमाग भीती वाटली.

"पण वर्गात तू नसते," ते म्हणाले. "पोरगं उभं राहून इचारन, सर, असं काहून? तवा मी कोनाकडे पाहू?"

"बसन मी मांगच्या बाकावर."

"पोरं म्हनतीन, सर कॉपी घेऊन आले."

ती हसली, आणि हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला.

"भाऊ, रिक्षा कॉलेजाकडं घे," सर म्हणाले.

"आजच?"

"आजच पत्र देऊन टाकतो. उद्या मी इसरलो, तं तू काई आठवन देनार नाई."

कुसुमावतीनं नाही म्हटलं नाही.