उस्तादची कालवं

हॉटेलात सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्याने उभा जन्म एकाच भटारखान्यात काढला आणि नाव कमावलं ते एकाच पदार्थावर, शिंपल्यासकट ओव्हनमध्ये भाजलेल्या कालवांवर. लांबलांबून माणसं ती खायला येत. त्याच्या बायकोने मात्र ती कधी चाखलीही नव्हती. ती मुलींना शिवण शिकवायची. गल्लीत तिला शिवणबाई म्हणत.

लेक जन्मली तेव्हा उस्ताद ओव्हनपाशी होता. शिवणबाईची आई गेली तेव्हाही तिथेच. "आज मोठी पार्टी आहे, मी नसलो तर कालवांचा चोथा करतील," हे उत्तर तिला पाठ झालं होतं. तिने कधी ब्र काढला नाही. एवढं जग ज्याच्यामागे धावतं त्यात काहीतरी असणारच, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

निवृत्तीनंतर एका रविवारी लेक-जावई जेवायला यायचे होते. उस्ताद म्हणाला, "कालवं घरीच करतो. कळू दे जावयाला काय चीज असते ती."

शिवणबाई हरखली. अखेर आपल्याही ताटात पडणार तर!

सकाळी त्याने तिला हाताशी घेतलं. "फडकं दुमडून धर. शिंपल्याची सपाट बाजू वर. सांध्यात सुरी घाल आणि पीळ. अगं, पीळ म्हटलं, ढकल नाही! आणि आतलं पाणी सांडू नकोस, सगळी चव त्यातच असते. किती वेळा सांगायचं?"

सांगितलं एकदाच होतं. तिने पुढचा शिंपला घेतला. चार-पाच शिंपले उघडले आणि सुरी सटकून तळहातात गेली.

"अहो, लागलं."

उस्तादने आधी तिच्या हातातला शिंपला घेतला, उजेडात धरून पाहिला. "रक्त पडलं यात. वाया गेलं," म्हणत तो कचऱ्यात टाकला. मग म्हणाला, "नळाखाली धर हात."

पुढचं सगळं त्याने एकट्याने केलं. ट्रेमध्ये जाड मीठ पसरून त्यावर शिंपले टेकवले. लोण्यात लसूण-पालक परतून प्रत्येक कालवावर चमचाभर घातला, वरून चीज आणि पावाचा चुरा. ओव्हनमधून वास सुटला तेव्हा दुखऱ्या हाताचाही तिला विसर पडला.

जेवताना जावई म्हणाला, "बाबा, तुमच्या हातात सोन्याचं कडं घालायला हवं!" उस्ताद खूश होऊन त्याला वाढत राहिला. शिवणबाई गरम पाव घेऊन आली तेव्हा ट्रेमध्ये नुसती टरफलं उरली होती.

"आई, तुला?" लेक ओशाळून म्हणाली.

"तिला कुठे आवडतं असलं काही," उस्ताद म्हणाला.

"मला भूकच नाही," शिवणबाई म्हणाली आणि पाव वाढू लागली.

दोन दिवसांनी शिकवणीला सुट्टी देऊन ती एकटीच त्या हॉटेलात गेली. वेटरने तिला दारामागच्या टेबलावर बसवलं. तिने कालवं मागवली. आली, ती तिने सावकाश खाल्ली. वाईट नव्हती. लोणी, पालक, थोडा खारट रस. बरी होती. अगदी शेवटपर्यंत दाराकडे पाहत उस्तादची वाट बघणारी आपली आई तिला आठवली. यासाठी? एवढ्यासाठी? घास गिळताना तिचे डोळे भरून आले. वेटरला वाटलं, तोंड भाजलं. त्याने पाणी आणून दिलं.

घरी उस्ताद वैतागून बसला होता. "होतीस कुठे? चहाची वेळ टळली."

"हॉटेलात. कालवं खाऊन आले."

का, हे त्याने विचारलंच नाही. पुढे सरसावून म्हणाला, "कशी होती? तो नवा पोरगा पालक फार शिजवतो, हो ना?"

"तुमच्यापेक्षा चांगली होती."

उस्तादचा चेहरा पडला. माझी तू खाल्लीस कधी, एवढं जरी तो म्हणाला असता तरी ती उघडी पडली असती. तिला वाटलं, म्हणेल. पण त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. "चीज बदललं असेल," तो पुटपुटला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

रात्री तो जेवला नाही. शिवणबाईने त्याला दुसऱ्यांदा हाक मारली नाही. एकटीचं ताट वाढून घेतलं. सूड उगवल्यावर बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. भात गार झाला होता, तो तिने तसाच संपवला.