लाल खुणेपर्यंत

आर्लीनने रायफलीचा बोल्ट पुढे लोटला आणि मध्येच हात थांबवला.

"मर्ल, हा घट्ट जातोय."

मागे स्टुलावर बसलेल्या मर्लने दुर्बिणीवरचा डोळा काढला नाही. "नळी नवी आहे. नवा जोडा चावतोच की. लोट थोडा."

"जोडा चावला तर पायाला फोड येतो. हा चावला तर माझं थोबाड जाईल," असं म्हणून तिने बोल्ट मागे ओढला.

काडतुसाची पितळी पुंगळी एकटीच बाहेर आली. गोळी आतच राहिली, नळीच्या खाचांत रुतून. पुंगळीतली दारू काळ्या मोहरीसारखी रायफलीच्या पोटात सांडली.

शेजारच्या बाकावरून क्लेटस ओरडला, "काय गं, फोडणी देतेयस का बंदुकीला?"

"तुझ्या बायकोच्या सुपापेक्षा बरी लागेल!"

चारदोन माणसं हसली. गोळी रुतलेली असताना बार उडाला तर काय होतं, हे त्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणूनच ती लवकर हसायची थांबली. क्लेटसने सांडलेली दारू झटकली, सळई आणून नळीच्या तोंडातून हलकेच ठोकली. गोळी टपकन बाहेर पडली. ती त्याने मर्लच्या तळहातावर ठेवली. तांब्याच्या अंगावर खाचांचे ओरखडे उमटले होते.

"त्या यॉस्टनेच नळी बसवताना घोळ घातलाय," आर्लीन मोठ्याने म्हणाली. "नांगर दुरुस्त करायच्या लायकीचा माणूस."

मर्लने गोळी खिशात टाकली. गेल्या रविवारी याच नळीत त्याची काडतुसं लोण्यात सुरी जावी तशी गेली होती. यॉस्टचा काही घोळ नव्हता. आणि आर्लीनलाही ते कळत होतं.

मर्ल फेटरॉल्फ जन्मभर लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावत आला होता. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात नेमबाजीचा नाद पुष्कळांना होता, पण नवराबायकोची अशी जोडी दुसरी नव्हती. डाव्या खांद्याला रायफल लावून झाडायची ती आर्लीनने, आणि तळघरात बसून काडतुसं भरायची ती मर्लने. नेमबाजीच्या क्लबात म्हणत, आर्लीन नेम धरते आणि मर्ल मारतो. हे ऐकलं की मर्ल उगाच टोपी नीट करायचा.

जुनी नळी झिजत गेली तशा तिच्या आतल्या खाचा दरवर्षी केसभर पुढे सरकत गेल्या. गोळी खाचांच्या जवळ राहावी म्हणून मर्लही ती पुंगळीत दरवर्षी केसभर बाहेर बसवत गेला. गोळी पुंगळीत किती खोल बसेल ते ठरवणाऱ्या फिरत्या साच्यावर, म्हणजे डायवर, त्याने आर्लीनच्या लाल नेलपॉलिशने खूण केली होती. तिथवर फिरवायचं की झालं.

थंडीत नवी नळी आली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मर्लला लांब, जड गोळ्या आवडायच्या. नव्या नळीने त्या कोंबड्यांना मका फेकावा तशा कागदभर पसरल्या. आर्लीनच्या आग्रहाखातर कुरकुरत आणलेल्या आखूड गोळ्या मात्र एकाच भोकात शिरल्या.

"नव्या सुनेला सासूची चव आवडत नाही, एवढंच," आर्लीन म्हणाली होती.

मग त्याने चिमटीचिमटीने दारू कमीजास्त करून पाहिली, गोळी आतबाहेर करून पाहिली. शेवटी जमलं. डायवर नव्या मापाची बारीक पेन्सिलरेघ ओढली. पुढच्या शनिवारच्या राज्य स्पर्धेसाठी काडतुसं भरून ठेवायची, एवढंच राहिलं होतं. ती भरलीही. त्यांतलंच एक आज रुतलं होतं.

दोघं घरी परतली. मर्ल कोटही न काढता तळघरात उतरला आणि दिवा लावला. डाय जुन्या नळीच्या लाल खुणेवर होती.

ती आपणच फिरवली असणार. पण केव्हा? रेडिओ लागला होता हे आठवलं. आर्लीनने कॉफीसाठी हाक मारली होती, तेही आठवलं. डाय फिरवल्याचं आठवेना. त्याने डबा उघडून काडतुसं मापली. सगळीच नव्या मापापेक्षा लांब होती.

आर्लीन जिना उतरून आली. "जेवायला चल. यॉस्टला उद्या फोन करते."

"त्याला कशाला? लाल खुणेवर आहे ती."

तिने डायकडे पाहिलंही नाही. "मग पुसून टाक खूण. चूक कुणाची होत नाही?"

"पुढच्या वेळी दारूच्या मापात झाली तर?"

तिने काडतुसांचा डबा टेबलाच्या कडेवरून आत सरकवला.

"तू घट्ट म्हणालीस. मी म्हटलं, लोट थोडा."

"मी ऐकलं का? लग्न झाल्यापासून कधी तुझं ऐकलंय?"

मर्ल हसला नाही. तो खुर्चीवरून उठला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. "बस."

"मला नाही येत हे."

"मी सांगेन तसं कर."

"आणि तू काय करणार?"

"गोळ्या निवडीन. तू भरलेलं मापीन. चुका काढीन."

"त्याची सवय आहेच तुला," ती म्हणाली आणि बसली. खुर्ची तिला उंच होत होती. तिने डावा हात गोळी दाबून बसवायच्या प्रेसच्या दांड्याकडे नेला. प्रेस टेबलाच्या उजव्या कडेला होती. हात छातीवरून आडवा गेला, कोपर दिव्याला लागलं.

"चालेल मला. होईल सवय," ती म्हणाली.

"नाही चालणार."

त्याने पाना घेतला. प्रेसचे बोल्ट गंजले होते. दोन लवकर सुटले, तिसऱ्याशी तो बराच वेळ झटत राहिला. आर्लीन हात पुढे करायची आणि मागे घ्यायची. त्याने प्रेस डाव्या कडेला नेली, नवी भोकं पाडली, बोल्ट आवळले. दिवा, दारू तोलायचा काटा, गोळ्यांची बशी, सगळं तिकडे सरकवलं. चाकूच्या टोकाने लाल खूण खरवडून काढली आणि डाय पेन्सिलरेघेवर आणली.

रिकाम्या पुंगळीवर तिने पहिली गोळी बसवली. त्याने ती मापाला लावली, उजेडात धरली.

"केसभर लांब आहे. पुन्हा."

"केसभर?"

"पुन्हा."

ती पुन्हा दांड्यावर वाकली. मर्ल टेबलाच्या दुसऱ्या बाजूला स्टुलावर बसला. प्रेसच्या जुन्या जागी तीन भोकं उरली होती आणि त्यांच्या कडांना वर्षानुवर्षांचे दारूचे काळे कण चिकटले होते. त्याने बोटाचं टोक जिभेला लावलं आणि ते एकेक कण टिपून डब्याच्या झाकणात ठेवू लागला.