शेवंताची आदोळी

जयरामाला लाज म्हणून नाही. घरातलं कळत नाही, आणि गावभर सांगत सुटलाय की मी त्याच्या बायकोला कापलं!

मित्रांनो, मी गोव्यातल्या कोरगावची एक जुनी आदोळी आहे. आदोळी म्हणजे पाटावर बसून भाजी चिरायची, नारळ खोवायची विळी. सध्या लाकडांच्या खोपीत पडले आहे. पातं गंजलं, जीभ नाही.

गावच्या लोहारानं, धाकू चाऱ्यानं, मला घडवलं. पाट फणसाचा. शेवंता नवरी होऊन आली, एक पाय मुडपून माझ्यावर बसली आणि असं मऊ खोबरं खोवलं, की कधी कुणाचं कौतुक न करणारी सासूसुद्धा म्हणाली, "हात बरो आसा." तेवढंच कौतुक. पुढे चार बाळंतपणं झाली. बाराव्या दिवसाची आंघोळ झाली की लगेच विहीर, हंडे, मळ्यातली लावणी. अंग सावरायला कुणी वेळ दिला नाही. तिनंही मागितला नाही.

पाळी जायच्या वयात ती माझ्यावरून उठताना भिंत धरू लागली. शेजारच्या जानकीला हळूच म्हणाली, "आंग भायर येता गो. फडक्यान आत लोटतंय आणि कामाक लागतंय."

"बायलांचा असताच ता. माझाय येता," जानकी म्हणाली. दोघी हसल्या. कसल्या हसल्या, देव जाणे!

दवाखान्यातली नर्स गावात आली तेव्हा स्पष्ट बोलली: गर्भाशय खाली उतरलंय, ओझं उचलू नको, यावर उपाय आहे, म्हापशाच्या इस्पितळात दाखव. शेवंतानं नवऱ्याकडे विषय काढला.

"चवथ होवंदे, मगे बघूया," जयराम म्हणाला. चवथ म्हणजे गणपतीचा सण.

गोवा राज्य झालं ते साल. राजभाषा कोकणी की मराठी म्हणून हा माणूस घसा बसेपर्यंत भांडला. बायकोचं दुखणं त्यानं दोन्हींपैकी एकाही भाषेत ऐकलं नाही.

पाळी जाऊन वर्षं लोटली, आणि एक दिवस माझ्या पाटावर रक्त दिसलं.

"बोट कापला?" जयरामानं विचारलं.

शेवंतानं बोटं पदरात लपवली. "होय."

त्यानं मला उचलून इथं भिरकावलं. उभ्या जन्मात मी तिला ओरखडा काढला नव्हता, मित्रांनो! पण तिच्यावर माझा राग नाही. लाजेपेक्षा माझ्यावरचा आळ तिला सोपा वाटला.

तुमची आई उठताना भिंत धरत असेल, तर तिला विचारा. ती "काही नाही" म्हणेल. पुन्हा विचारा. विळी बोथट झाली तर लोहार शोधता ना?

आता शेवंताला उठवत नाही. म्हणून आज जयराम स्वतः मोळी न्यायला आला. उचलली मात्र, आणि कमरेवर हात ठेवून "आवय गे!" करत माझ्यासमोरच खाली बसला.

जड आहे ना, जयरामा? ओली बाळंतीण असल्यापासून ती हेच उचलत आली. ते रक्त बोटाचं नव्हतं. चवथी पुष्कळ झाल्या. मोळी टाक तिथंच आणि आजच तिला म्हापशाला ने. नाहीतर ही लाकडं जपून ठेव. लागतील.